अकरा मचाणं

१

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आप्पाजींनी तळ्याकाठच्या पंपघरातला फ्रिज उघडला, तेव्हा आतली सात अंडी नाहीशी झाली होती.

शिवलीला चिकोडे आठ वाजता पोचली. ती विमा कंपनीची सर्वेक्षक. जळालेली गोदामं बघायची आणि आग कशी लागली ते ठरवायचं, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. आप्पाजी तिच्याच निपाणीकडचे. पोलिसांकडे जायच्या आधी त्यांनी तिला फोन केला होता.

"कुलूप तसंच हाय बगा अक्का," आप्पाजी म्हणाले. "किल्ली देवीच्या फोटोमागं. सगळ्यांना ठावं."

बंगळुराच्या कडेला, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे ते तळं होतं. मधल्या बेटावर खांबांवर उभारलेली अकरा लाकडी मचाणं होती. चार वर्षांपूर्वी बेटावरची झाडं वठली आणि चित्रबलाकांना घरट्यांसाठी जागा उरली नाही. लेथवरून नुकत्याच निवृत्त झालेल्या आप्पाजींनी तेव्हा ही मचाणं स्वतः बांधली. गुलाबी पिसांचे ते मोठे करकोचे दर डिसेंबरात येत, मचाणांवर काड्या रचत, अंडी घालत आणि महिनाभर उन्हातान्हात उबवत बसत. पण गेल्या तीन हंगामांत मचाणावरच्या एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आलं नव्हतं.

तळ्याकाठच्या सगळ्यांचा संशय समोरच्या रसायनांच्या कारखान्यावर होता. यंदा वनखात्याची परवानगी काढून सात निकामी अंडी उतरवली होती, आणि सोमवारी अकरा वाजता सरकारी प्रयोगशाळेचा माणूस ती न्यायला येणार होता.

"बायको यल्लव्वा गेली तवा रडलो न्हाई एवढा आज रडलो," आप्पाजी म्हणाले. "पिल्लं कोण मारतंय तेवढं शोधा. अंडी गेली तर गेली. मारणारा सापडला पायजे."

शिवलीलाने फ्रिजमध्ये डोकावून पाहिलं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे आणि कापूस जागेवर होते. आप्पाजींची इन्सुलिनची कुपी दाराच्या कप्प्यात नीट उभी होती. जमिनीवर ॲल्युमिनियमच्या फॉइलची बोटभर रुंदीची पट्टी पडली होती, एका कडेला करवतीसारखे दाते असलेली.

"कुणी डबा आणला असेल जेवणाचा," आप्पाजी म्हणाले.

शिवलीलाने पट्टी रुमालात गुंडाळली. "काल इथं कोण कोण आलं होतं?"

आप्पाजींनी बोटं मोजली. मासेमारीचा ठेकेदार रविकुमार. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी मोहनकुमार. पंपाची मोटार दुरुस्त करायला आलेला त्यांचा जुना दोस्त गुंडूराव. आणि नात स्मिता, रात्रीचं जेवण घेऊन.

बोलता बोलता ते कानामागे खाजवत होते. तिथे आणि गालांवर काळ्या टोकांच्या पुटकुळ्यांचा थर होता. मनगटापासून कोपरापर्यंतही तसाच.

"हे काय?"

"तारुण्य!" आप्पाजी इतक्या दुःखातही हसले. "एकाहत्तराव्या वर्षी मुरमं आली. यल्लव्वा असती तर म्हणाली असती, कुणाच्या मागं लागलायसा?"

२

रविकुमार काठावर जाळं उलगडत बसला होता. त्याचं बोलणं कानडी, शिवलीलाचंही अर्धं बालपण त्याच भाषेत गेलेलं.

"अंडी नेऊन मी काय ऑम्लेट करू?" तो म्हणाला.

"तळ्यात विष निघालं तर तुझे मासे कोण घेईल?"

"विष? अक्का, तिकडे बघा." त्याने बेटाच्या पलीकडे हात केला. तिथे पाण्यात एकटी बाभूळ उभी होती. मचाणांवर जागा न मिळालेल्या चित्रबलाकांची चार घरटी तिच्यावर दाटीने बसली होती. "स्वल्प कान देऊन ऐका."

तिने कान दिला. वाऱ्याबरोबर एक कर्कश, अखंड ओरडा येत होता.

"भुकेली पिल्लं आहेत ती. नऊ. मी रोज मोजतो, कारण माझेच मासे खातात चोर. याच तळ्यातले. ती कशी जगली?"

"हे आप्पाजींना सांगितलंस?"

"दहादा सांगितलं. म्हातारा म्हणतो, बाभळीचे पक्षी मुळात दांडगे. कारखाना सोडून दुसरं काही ऐकतच नाही."

शिवलीला काठावर बराच वेळ उभी राहिली. तिथे दोन्हीकडे एकाच जातीचे पक्षी होते. त्यांचं पाणी एक होतं, मासेही एकच होते. फक्त शंभर हातांवर एका बाजूला नऊ पिल्लं होती आणि दुसऱ्या बाजूला एकही नव्हतं.

तिने मोहनकुमारला फोन लावला.

"मॅडम, अंडी गायब झाली तर पहिला संशय माझ्यावर येणार, हे मला कळत नाही का?" तो हिंदी-इंग्रजीत तडकला. "मी एवढा स्टुपिड वाटतो? मीच म्हणत होतो, टेस्ट करा. आमचं पाणी काही गंगाजल नाही, मान्य. पण पिल्लांचं आमच्या माथी मारू नका."

"काल फ्रिज उघडला होतात?"

"उघडला. अंडी होती. फोटो काढलाय. संध्याकाळी सव्वासहा वाजता."

फोटो लगेच आला. पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, कापसावर, सात मळकट पांढरी अंडी. फॉइल कुठेच नव्हतं.

म्हणजे ज्याने अंडी नेली त्याने ती नेताना फॉइलमध्ये गुंडाळली होती. पुरावा तळ्यात फेकणाऱ्याला कोण एवढी काळजी घ्यायला सांगतं?

३

मचाणांच्या नोंदींची आप्पाजींची वही शिवलीलाने पंपघराच्या पायरीवर बसून वाचली. लेथवरच्या माणसाचं अक्षर, रेघेला रेघ टेकलेलं. पहिल्या हंगामाचं पान तिने दोनदा वाचलं.

'एकोणीस पिल्लं उतरली. बारा लाल मुंग्यांनी खाल्ली. डोळ्यांदेखत. काय करावं सुचत नाही.'

"पहिल्या साली अंडी फुटली होती की, आप्पाजी!"

"फुटली. पर मुंग्यांनी पोखरली." ते खाली बघत म्हणाले. "ओल्या डोळ्यांची पिल्लं हो. एक तर माझ्या तळहातावर गेलं. तवापासनं मी मुंगी चढू दिली न्हाई. एक सुदिक न्हाई."

"कशी?"

"तेल लावतो न्हवं! गुंडू देतो. खांबांना, फळ्यांना, सगळीकडं. दर आवशीला." बंगळुरात अमावास्येला गॅरेजवाले गाड्यांची आणि यंत्रांची पूजा करतात. लेथवर असल्यापासून आप्पाजींनीही तो दिवस पाळला होता. आता हळदकुंकू मचाणांना लागायचं आणि मागोमाग तेल. "उद्या आवस हाय. डबा संपलाय. तुम्ही शिवाजीनगरला गुंडूला भेटायला जाणार, तर येताना घेऊन या. दुसऱ्या फेरीच्या जोड्या आल्यात. अंडी घालायच्या आत हात फिरवला पायजे."

बेटावर खरोखरच पाच-सहा पक्षी काड्या घेऊन उतरत होते. आप्पाजी बोलायचे थांबले आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. जरा मोठा आवाज झाला की ते कोणालाही दटावत, असं अख्खं तळं सांगायचं.

४

बंगळुरातल्याच शिवाजीनगरातलं गुंडूरावांचं दुकान विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगचं. त्यांचं घराणं तिथल्या मराठी घराण्यांपैकी एक. चार पिढ्यांत त्यांच्या मराठीत कानडी पाण्यासारखी मुरलेली.

"बसा अक्का, कॉफी घ्या. आप्पाच्या अंड्यांचं कळलं. पाप हो पाप!" गुंडूरावांनी स्टूल पुसून दिलं. "काल मी मोटार जोडली, फ्रिजकडे बघितलंही नाही. वेळ कुठे होता? ती स्मिता आली, तिनेच घाई केली. आज्जा, गुंडूकाका, तुम्ही दोघं बाहेर बसून जेवा, आत गरम होतं म्हणाली."

"म्हणजे ती आत एकटी होती."

"दहा मिनिटं असेल. का?"

गुंडूरावांनी कोपऱ्यातून पाच लिटरचा डबा ओढला. "हे घ्या आप्पाचं तेल. जपून, जड आहे."

डबा हातात घेताच तिने गुंडूरावांकडे पाहिलं. तेलाच्या मानाने तो फार जड होता.

"कसलं तेल आहे हे?"

"सोनं आहे, सोनं!" गुंडूराव खुलले. "माझ्या वडिलांनी एका जुन्या गिरणीचे कपॅसिटर भंगारात घेतले होते. त्यातलं. असलं तेल आता मिळत नाही, सरकारने बंद केलं. सुकत नाही, उडत नाही, पावसात धुपत नाही. आणि गंमत बघा, काडी लावली तरी पेटत नाही!"

शिवलीलाने कॉफीचा पेला खाली ठेवला.

तिच्या सव्वीस वर्षांत न पेटणारं तेल एकदाच आलं होतं. एक जुनं वीजघर जळालं होतं. तिथे सगळ्याचा कोळसा झाला, पण एका टाकीतलं तेल तसंच राहिलं. महिन्याभराने तिथला जो कामगार ते तेल उपसायचा, त्याचे गाल आणि कानामागची जागा काळ्या पुटकुळ्यांनी भरली. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने तेव्हा तिला समजावलं होतं: क्लोरिनयुक्त तेल आहे, कातडीतून शरीरात जातं, चरबीत बसतं आणि निघत नाही.

"एक पेला पाणी द्या," ती म्हणाली.

गुंडूरावांनी दिलं. तिने डब्याचं झाकण उघडलं, तांब्याच्या तारेचं टोक बुडवलं आणि एक थेंब पाण्यात सोडला.

कुठलंही साधं तेल पाण्यावर तरंगतं. हा थेंब गोळीसारखा सरळ तळाला गेला आणि तिथेच बसून राहिला.

"अय्यो," गुंडूराव म्हणाले.

५

स्मिता एचएसआर लेआउटमध्ये दोन मैत्रिणींबरोबर राहायची आणि एका खाजगी प्रयोगशाळेत अन्नाचे नमुने तपासायची. दार तिनेच उघडलं. शिवलीलाने रुमालातली पट्टी पुढे धरली.

"प्लास्टिकला लागलं तर नमुना बिघडतो, म्हणून फॉइल. हे तुझ्याशिवाय तिथे कोणाला माहीत होतं? आणि जाताना आज्जाची इन्सुलिन नीट उभी करून ठेवलीस. चोराला कशाला पर्वा असते?"

स्मिता खाली बसली. "मावशी, अंडी फ्रीजरमध्ये आहेत. सहा."

"सातवं?"

"फोडलं." तिने हाताचे पंजे मांडीवर उलटे ठेवले. "मला महिन्यापूर्वीच शंका आली. आज्जाच्या गालावरची पुरळ बघून. मचाणाच्या फळीवरून बोळा फिरवून आणला, सरांना सांगून आमच्या मशीनवर लावला. पीसीबी निघालं, जुन्या विजेच्या तेलातलं क्लोरिनवालं विष. इतकं की सरांना वाटलं, मीच काही गोंधळ घातलाय. मग काल रात्री एक अंडं."

"काय होतं आत?"

"पूर्ण वाढलेलं पिल्लू होतं, मावशी. पिसांची लव पण होती." स्मिताने दोन बोटं एकमेकांवर तिरकी धरली. "फक्त चोच... वरची एकीकडे, खालची दुसरीकडे. कात्रीसारखी. अशा चोचीने कवच फुटणार कसं? आतून टोकरलेल्या खुणा होत्या. त्याने प्रयत्न केला होता."

बाहेर कुणीतरी लिफ्टचं दार आपटलं. स्मिताने उठून दाराला कडी घातली आणि परत बसली.

"आई-बाबा कामावर जायचे. मला आज्जांनी वाढवलं," स्मिता म्हणाली. "शाळेतून आले की दुधात पोळी कुस्करून ठेवलेली असायची. माशी बसू नये म्हणून ते शेजारी वारा घालत बसायचे. त्यांना मी कसं सांगू, की तुमच्याच हाताने... प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला असता तर पेपरात छापून आलं असतं. म्हणून नेली. मी डबा बदलणार होते. एरंडेल भरून ठेवणार होते, त्यांना कळलंसुद्धा नसतं."

"आणि कारखान्यावर बालंट?"

"तो काय धुतल्या तांदळाचा आहे?"

"नाही. पण हे त्याचं नाही." शिवलीला तिच्या शेजारी बसली. "स्मिता, तीन वर्षं लाकूड ते तेल पीत आलंय. एरंडेल लावलंस तरी मचाण तेच राहणार. दुसऱ्या फेरीच्या जोड्या आल्यात. आठवड्यात अंडी पडतील. महिनाभर त्या उबवतील. परत आत चोच टोकरत बसेल कोणी."

स्मिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि तुझा आज्जा? तो उद्या परत त्यात हात घालेल. पक्षी वाचवायचे असतील, त्याला वाचवायचं असेल, तर त्याला सांगावंच लागेल. दुसरा रस्ता असता तर मी आधी तोच धरला असता."

"कोण सांगणार?"

"मारणारा शोधून द्या म्हणून त्याने मला सांगितलंय," शिवलीला म्हणाली. "मीच सांगते. तू फक्त शेजारी बस."

६

सोमवारी सकाळी आप्पाजी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून पायरीवर तयार बसले होते. शेजारी हळदकुंकवाची वाटी, कुंचला आणि जेवणाचं ताट.

"डबा आणलासा?"

शिवलीलाने डबा गाडीतच ठेवला होता. तिने काचेचा पेला त्यांच्यासमोर मांडला, पाणी ओतलं आणि छोट्या बाटलीतला एक थेंब सोडला. तो बुडाला. मग तिने क्रमाने सांगितलं: बाभळीवरची नऊ पिल्लं, एकच पाणी, एकच मासे, वहीतलं पहिल्या सालचं पान, न पेटणारं तेल, त्यांच्या गालावरच्या पुटकुळ्या, स्मिताने तपासायला फोडलेलं एक अंडं. जळालेल्या गोदामाच्या मालकाला सांगते तसं, आवाज न चढवता. कात्रीसारख्या चोचीबद्दल मात्र ती बोलली नाही.

लेथवरच्या माणसाला मोजमाप कळतं. तिसऱ्या वाक्यालाच त्यांना कळलं असावं, कारण तेव्हाच त्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला आणि दोन्ही तळहात धोतराला पुसायला सुरुवात केली. ते पुसतच राहिले.

"आज्जा," स्मिता म्हणाली.

"बारा मुंग्यांनी खाल्ली," आप्पाजी म्हणाले. "लिहून ठेवलंय मी. मुंग्यांना शिव्या दिल्या. पुढची किती? तीन हंगाम, अकरा मचाणं..." त्यांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मग नातीकडे वळले. "तू अंडं फोडलंस?"

स्मिताने होकारार्थी मान हलवली.

"त्याला दुखलं असंल का गं?"

स्मिताने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

अकरा वाजता सरकारी प्रयोगशाळेचा माणूस आला. स्मिताने फॉइलमधली सहा अंडी त्याच्या पेटीत ठेवली. त्याने अर्ज काढून विचारलं, संशयित स्रोत काय लिहू? समोरचा कारखाना?

"न्हाई," आप्पाजी उभे राहिले. "लिहा. तेल मी लावलं. माझं नाव घाला. आप्पाजी बसवंत पाटील."

त्या माणसाने शिवलीलाकडे पाहिलं. तिने मान डोलावली, तेव्हा त्याने लिहिलं. मग त्याने वनखात्याला फोन केला. हातमोजे घातलेली माणसं येऊन मचाणं उतरवतील, पण बुधवारी. तोवर त्या फळ्यांवर एकही पक्षी बसता कामा नये.

"मी बघतो," आप्पाजी म्हणाले.

"आधी डॉक्टर, आप्पाजी. आज."

"बुधवारनंतर."

तेवढ्यात बेटावर एक चित्रबलाक उतरला. त्याच्या चोचीत लांब काडी होती. मचाणाच्या कडेवर पाय रोवून तो काडी कुठे ठेवावी ते बघत राहिला. आप्पाजींचं बोट सवयीने ओठांकडे गेलं आणि अर्ध्यात थांबलं.

त्यांनी वाकून जेवणाचं ताट उचललं. काठावर मशीनने कोरलेलं नाव होतं, सौ. यल्लव्वा. त्यांनी पायरीखालून दगड घेतला, गुडघाभर पाण्यात शिरून तो ताटावर हाणला.

तळ्यावर तो आवाज कोणी कधी ऐकला नव्हता. रविकुमार जाळं टाकून उभा राहिला. पक्षी दचकून उडाला, काडी पाण्यात पडली. बेटावरचे दुसरे पाचही उडाले. बाभळीवर जागा नव्हती. ते वर गोल घिरट्या घालत राहिले.

आप्पाजी हाणत राहिले. "जावा!" ते ओरडत होते. "जावा म्हंतो न्हवं! दुसरीकडं जावा!"

दुपारी शिवलीलाने दगड त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः वाजवला. नंतर स्मिताने. संध्याकाळी परत त्यांनी. चार वर्षं या काठावरून पक्ष्यांच्या वाट्याला फक्त शांतता आली होती, आणि हा म्हातारा त्यांच्या ओळखीचा होता. त्यामुळे ते लांब जात नव्हते. हात दुखून ताट जरा थांबलं की काडी घेऊन परत खाली येत होते.